हम (गूढ ध्वनी)

हम हे नाव जगातील निरनिराळ्या ठिकाणी काही मोजक्या व्यक्तींना सातत्याने ऐकू येणाऱ्या, परंतु त्याच ठिकाणच्या बहुसंख्य लोकांना मुळीच ऐकू न येणाऱ्या, मंद व खर्जातील घरघरीला दिले जाते. ऐकणारे लोक या आवाजाची तुलना बहुधा दूर कोठेतरी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या मालमोटारीशी करतात. रात्री निजानीज झाल्यावर तो अधिक जाणवतो. तो बाहेरून येत असल्याची ऐकणाऱ्याची खात्री असते. मात्र बाहेर पडून शोध घेऊ लागल्यास दिशा सापडत नाही आणि साध्या उपकरणाने ध्वनिमुद्रण करू गेल्यास मुद्रणात काहीच ऐकू येत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल, अमेरिकेतील टाओस व कोकोमो, न्यूझीलंडमधील ऑकलंड आणि कॅनडातील विंझर ही शहरे या आवाजाच्या तक्रारींसाठी विशेष प्रसिद्ध आहेत.

हम ही एकच एक घटना नसून, सारखेच वर्णन होणाऱ्या परंतु भिन्न कारणांच्या अनेक घटनांना मिळालेले ते सामाईक नाव आहे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. काही ठिकाणी आवाजाचा उगम एखाद्या कारखान्यात सापडला आहे. काही ठिकाणी काटेकोर मोजणी करूनही हवेत असा कोणताही ध्वनी आढळलेला नाही. या दोन प्रकारांतील फरक ऐकणाऱ्याच्या केवळ सांगण्यावरून किंवा नेहमीच्या ध्वनिमापकाच्या एका आकड्यावरून ठरविता येत नाही. त्यामुळे हमच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीला मध्यवर्ती महत्त्व आहे.

नाव

‘हम’ हा इंग्रजीतील ध्वन्यनुकारी शब्द आहे. मराठीत या घटनेसाठी रूढ प्रतिशब्द नाही. ‘गुंजन’ व ‘गुंजारव’ हे शब्द अर्थाने जवळचे वाटले, तरी त्यांना भ्रमराच्या संगतीने आलेली रम्य छटा आहे. हम ऐकणाऱ्यांच्या अनुभवात रम्य असे काही नसते. जात्याची किंवा यंत्राची ‘घरघर’ हा शब्द वर्णनाच्या दृष्टीने अधिक योग्य ठरतो. शहराच्या नावाला जोडून ‘ब्रिस्टल हम’, ‘टाओस हम’, ‘विंझर हम’ अशीही नावे प्रचलित आहेत. योगग्रंथांत वर्णन केलेल्या अनाहत नादाशी हमचा संबंध जोडला जातो, परंतु त्या वर्णनांतील नाद साधकाने प्रयत्नपूर्वक ऐकावयाचा असतो, तर हम नको असताना ऐकू येतो.

स्वरूप

टाओस येथील अभ्यासात ऐकणाऱ्यांना कृत्रिम स्वर ऐकवून ‘तुम्हांला ऐकू येणारा आवाज यांपैकी कोणता’ असे विचारण्यात आले. त्यांनी निवडलेले स्वर ३२ ते ८० हर्ट्झ या पट्ट्यातील होते आणि त्यांची तीव्रता सेकंदाला साधारणतः अर्धा ते दोन वेळा कमीजास्त होत होती. तुलनेसाठी, काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. मात्र ती तार आपल्याला स्पष्ट ऐकू येते ती मुख्यतः तिच्यातून उमटणाऱ्या वरच्या स्वरांमुळे. हममध्ये अशा वरच्या स्वरांची सोबत जवळजवळ नसते. उरतो तो नुसता पाया.

अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, बाधित भागातील २ ते १० टक्के लोकांना हम ऐकू येतो असे म्हटले आहे. टाओसच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. ऐकणारे बहुधा मध्यमवयीन असतात. झोपमोड, डोकेदुखी, मळमळ व चित्त एकाग्र न होणे या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. या सर्वांहून मोठा त्रास बहुधा वेगळाच असतो: घरातील इतर माणसांना काहीच ऐकू येत नसल्याने त्यांचा विश्वास बसत नाही.

खर्जातील ध्वनी आणि मानवी कान

मानवी कान सर्व स्वरांना सारखाच तत्पर नसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० हर्ट्झचा स्वर ऐकू येण्यास २ ते ३ डेसिबल पुरतात. १०० हर्ट्झला सुमारे २६, ५० हर्ट्झला सुमारे ४४ आणि २० हर्ट्झला सुमारे ७८ डेसिबल लागतात. हे आकडे निरोगी तरुण कानांच्या सरासरीचे आहेत. व्यक्तीव्यक्तींत काही डेसिबलचा फरक स्वाभाविक असतो. एकाच खोलीत एकाला आवाज ऐकू यावा आणि दुसऱ्याला येऊ नये, यासाठी तेवढा फरक पुरेसा आहे. शिवाय खर्जाच्या पट्ट्यात ऐकू येण्याची सीमा ओलांडल्यानंतर आवाजाचा मोठेपणा झपाट्याने वाढतो. त्यामुळे सीमेच्या थोडासा वर असलेला आवाजही त्रासदायक होऊ शकतो.

दिशा न सापडण्याचे कारण तरंगलांबीत आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ६.९ मीटर असते, तर माणसाच्या दोन कानांमधील अंतर जेमतेम २० सेंटीमीटर. एवढ्या लांब तरंगाला मस्तकाचा अडसर होत नाही. दोन्ही कानांना आवाज जवळजवळ सारखाच पोहोचतो आणि घराच्या भिंतींवरून झालेल्या परावर्तनांमुळे उरलासुरला मागही पुसला जातो.

हम बाहेरपेक्षा घरात जास्त का जाणवतो, याचेही उत्तर येथेच आहे. विटांची भिंत व खिडकीची काच वरच्या पट्टीचे आवाज बऱ्याच प्रमाणात अडवितात, परंतु खर्जाचे आवाज त्यांतून सहज आत येतात. बाहेर वाऱ्याच्या व रहदारीच्या आवाजाखाली झाकलेला हम आत उघडा पडतो. त्यातच खोलीची लांबी तरंगलांबीच्या निम्मी असेल, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण होतो. ५० हर्ट्झसाठी अशी खोली सव्वाअकरा फुटांच्या आसपास लांबीची, म्हणजे शयनगृहाच्या नेहमीच्या मापाची, असते. अशा खोलीत भिंतीलगत, पलंगाच्या डोक्याशी, आवाज सर्वांत मोठा आणि खोलीच्या मध्यभागी सर्वांत क्षीण असतो. तपासणीस आलेला माणूस खोलीच्या मध्ये उभा राहून ‘काही ऐकू येत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तोही खरेच बोलत असतो.

प्रमुख घटना

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकापासून अशा तक्रारी नोंदविल्या गेल्या. १९७७ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने आपल्या वाचकांना असा आवाज ऐकू येतो का असे विचारले असता सुमारे ८०० पत्रे आली. ब्रिस्टल शहराचे नाव याच काळात हमशी जोडले गेले. स्कॉटलंडमधील लार्ग्ज हे गावही पुढे यासाठी प्रसिद्धीस आले.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील टाओस या छोट्या गावातील रहिवाशांनी १९९३ मध्ये थेट अमेरिकी संसदेतील आपल्या प्रतिनिधींकडे दाद मागितली. त्यातून न्यू मेक्सिको विद्यापीठाचे जो मलिन्स यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठ, लॉस अ‍ॅलामॉस व सँडिया येथील राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि हवाई दलाची प्रयोगशाळा यांतील शास्त्रज्ञांचे पथक नेमण्यात आले. पथकाने ऐकणाऱ्यांच्या घरांत व परिसरात ध्वनीची, जमिनीच्या कंपनांची आणि विद्युतचुंबकीय लहरींची मोजणी केली. ऐकणाऱ्यांच्या वर्णनाशी जुळेल असा कोणताही ध्वनी हवेत आढळला नाही. तथापि ऐकणारे लोक प्रामाणिक आहेत याविषयी पथकाने शंका घेतली नाही. शोधाची दिशा यंत्रांकडून कानाकडे वळविली पाहिजे, असा त्याच्या निष्कर्षाचा रोख होता.

इंडियाना राज्यातील कोकोमो या औद्योगिक शहरात १९९९ च्या सुमारास तक्रारी सुरू झाल्या. नगरप्रशासनाने सुमारे एक लाख डॉलर खर्चून ध्वनितज्ज्ञांकडून पाहणी करविली. तीत दोन उगम सापडले: एका ओतकाम कारखान्याच्या शीतक मनोऱ्यातून येणारा ३६ हर्ट्झचा स्वर आणि दुसऱ्या कारखान्यातील हवा दाबणाऱ्या यंत्रातून येणारा, ऐकू येण्याच्या सीमेखालचा १० हर्ट्झचा स्वर. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करण्यात आली. त्यानंतर काहींचा त्रास थांबला, काहींचा थांबला नाही. एकाच शहरात एकाच नावाखाली दोन वेगळ्या प्रकारचे रुग्ण असू शकतात, हे कोकोमोच्या उदाहरणाने दाखवून दिले. हमविषयीच्या लोकप्रिय लेखनात या बाजूकडे सहसा दुर्लक्ष होते.

ऑकलंडच्या उत्तर भागात २००६ मध्ये मॅसी विद्यापीठाचे टॉम मॉयर यांनी सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज मुद्रित केला. न्यूझीलंडमधील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही नोंद वीजवाहिन्यांची साधी गुणगुण म्हणून निकालात काढता येत नाही.

विंझर येथील प्रकरण सर्वांत बोधप्रद आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील हे शहर डेट्रॉइट नदीच्या काठी वसलेले असून पैलतीर अमेरिकेत मोडतो. २०११ पासून शहराच्या पश्चिम भागातील हजारो रहिवाशांनी घरघरीच्या व तावदाने थरथरत असल्याच्या तक्रारी केल्या. संशय नदीपलीकडील झुग बेटावरील पोलाद कारखान्यावर होता. कॅनडा सरकारच्या वतीने विंझर विद्यापीठ व वेस्टर्न विद्यापीठ यांच्या पथकांनी दीर्घकाळ मोजणी केली. आवाज खरोखर अस्तित्वात आहे आणि त्याचा उगम बहुधा बेटावरील झोतभट्ट्यांच्या कामकाजात आहे, असा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष बेटावर जाऊन मोजणी करता न आल्याने ‘बहुधा’ हा शब्द काढता आला नाही. २०२० मध्ये कारखान्यातील पोलादनिर्मिती बंद ठेवण्यात आली आणि विंझरमधील घरघरही थांबली.

अलीकडच्या काळात उत्तर आयर्लंडमधील ओमा येथूनही २०२३ मध्ये अशाच तक्रारी आल्या. कॅनडातील शिक्षक ग्लेन मॅकफर्सन यांनी २०१२ मध्ये जगभरातील ऐकणाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून नकाशावर मांडण्याचा उपक्रम सुरू केला.

ध्वनिमुद्रण व मोजणी

हम ऐकणारी व्यक्ती बहुधा प्रथम भ्रमणध्वनी संचावर मुद्रण करून पाहते. त्यात अपयश येण्याची कारणे अनेक आहेत. भ्रमणध्वनीची रचना बोलण्यासाठी असल्याने खर्जाचा भाग अनेक संचांत मुद्दाम गाळलेला असतो. तो मुद्रित झालाच, तरी संचाचा इवलासा ध्वनिक्षेपक ४० किंवा ५० हर्ट्झचा स्वर वाजवू शकत नाही. म्हणजे मुद्रणात आवाज असूनही तो ऐकविता येत नाही. मुद्रण चौपट वेगाने वाजविल्यास ४० हर्ट्झचा स्वर दोन सप्तके वर, १६० हर्ट्झला जातो व मोठ्या ध्वनिक्षेपकावर सहज कानी पडतो. संगणकावर वारंवारतेचा आलेख काढणे हा याहून खात्रीचा मार्ग होय.

उघड्यावर मुद्रण करताना मुख्य अडथळा वाऱ्याचा असतो. ध्वनिग्राहकावर आदळणाऱ्या वाऱ्याचा गोंधळ नेमका खर्जाच्या पट्ट्यातच सर्वाधिक असतो. त्यामुळे वाऱ्याची मंद झुळूकही हमला गिळून टाकते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, नसलेला हम दाखविते. स्पंजाचे जाड आवरण, ध्वनिग्राहक जमिनीलगत ठेवणे आणि वारा पडलेल्या रात्रीची निवड हे त्यावरील उपाय आहेत.

दुसरा अडथळा विजेचा. भारतात व युरोपात घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तर उत्तर अमेरिकेत ६० हर्ट्झ असते. वायरी व उपकरणे यांच्यातून ही वारंवारता ध्वनिग्राहकाच्या तारेत थेट शिरते आणि हवेत आवाज नसतानाही आलेखावर ठळक रेषा उमटते. ही रेषा म्हणजेच हम, अशी समजूत होणे सोपे आहे. यासाठी मुद्रणयंत्र बॅटरीवर चालवितात. याशिवाय ध्वनिग्राहक काढून त्याच्या जागी तेवढ्याच विद्युतरोधाचा निर्जीव भाग जोडून पुन्हा मुद्रण करतात. रेषा तरीही उमटली, तर ती ध्वनीची नव्हे. रोहित्राची गुणगुण मात्र खरा ध्वनी असतो. त्यातील लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा आकुंचन-प्रसरण पावत असल्याने भारतातील रोहित्र ५० नव्हे तर १०० हर्ट्झला बोलते. हा फरक ध्यानात ठेवल्यास बरेच घोळ टळतात.

आलेखाची बारकाई मुद्रणाच्या लांबीवर अवलंबून असते. ४९ व ५० हर्ट्झ वेगळे दाखविण्यास किमान एका सेकंदाचा तुकडा लागतो. दहा सेकंदांचा तुकडा घेतल्यास दशांश हर्ट्झपर्यंत भेद करता येतो. विजेची वारंवारता आपल्या आकड्याला चिकटून राहते, तर यंत्राची वारंवारता त्यावरील भारानुसार किंचित सरकते. त्यामुळे हा बारीक फरक उगमाचा माग काढण्यास उपयोगी पडतो.

सर्वांत विश्वसनीय पद्धत रोजनिशीची आहे. मुद्रणयंत्र कित्येक रात्री सलग चालू ठेवतात आणि ऐकणारी व्यक्ती, यंत्राकडे न पाहता, आवाज कधी सुरू झाला, वाढला व थांबला याच्या वेळा लिहून ठेवते. नंतर दोन्ही नोंदी ताडून पाहतात. त्या जुळल्या तर आवाज बाहेरचा आहे. जुळल्या नाहीत तर शोध श्रवणतज्ज्ञाकडे न्यावा लागतो. ब्रिटनमधील सॅलफर्ड विद्यापीठाने २००५ मध्ये तेथील पर्यावरण खात्यासाठी तयार केलेल्या कार्यपद्धतीत मोजणी सप्तकाच्या एकतृतीयांश रुंदीच्या पट्ट्यांत करावयाची असून प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी मर्यादा दिली आहे. ५० हर्ट्झसाठी ती ४३ डेसिबल आहे. घरगुती पडताळ्यासाठी मुख्य खटका बंद करून शीतकपेटी, पाण्याचा पंप व इन्व्हर्टर हे संशयित दूर करता येतात. जेथे भारनियमन होते तेथे साऱ्या परिसराची वीज गेल्यावर आवाज थांबतो की नाही, ही चाचणी आपोआपच घडते. कानात बोळे घालून पाहणे मात्र फसवे ठरते, कारण बोळे खर्जाचा आवाज फारसा अडवीत नाहीत.

ध्वनिमापक आणि कायदा

सर्वसाधारण ध्वनिमापक ‘ए’ भारांकनाने आकडा दाखवितो. या पद्धतीत कानाच्या मगदुराप्रमाणे खर्जाचे स्वर मुद्दाम कमी धरले जातात: ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल आणि ३१.५ हर्ट्झला सुमारे ३९ डेसिबल वजा होतात. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांतील मर्यादाही याच मापात आहेत. निवासी क्षेत्रासाठी त्या दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ आहेत.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शयनगृहात ५० हर्ट्झचा ६५ डेसिबलचा स्वर येत आहे असे समजा. तो ऐकू येण्याच्या सीमेच्या वर २१ डेसिबल असल्याने झोपू पाहणाऱ्याला स्पष्ट जाणवेल. मापक मात्र सुमारे ३५ हा आकडा दाखवील. तो रात्रीच्या मर्यादेच्याही १० ने खाली आहे, आणि तक्रार निकालात निघेल. जर्मनीतील मानकात यासाठी ‘सी’ व ‘ए’ अशा दोन भारांकनांतील फरक पाहतात. तो २० डेसिबलहून अधिक असल्यास खर्जाच्या आवाजाची स्वतंत्र तपासणी करावी लागते. ‘सी’ भारांकनाची सोय पुष्कळ मापकांत असतेच. केवळ कळ बदलावी लागते.

संभाव्य कारणे

यांत्रिक उगमांत मोठे पंखे, शीतक मनोरे, हवा दाबणारी यंत्रे, झोतभट्ट्या आणि वायुवाहिन्यांवरील पंप यांचा समावेश होतो. ब्रिटनमधील श्रवणशास्त्रज्ञ डेव्हिड बॅगुले यांच्या मते सुमारे एकतृतीयांश तक्रारींत बाह्य उगम सापडतो. उरलेल्या अनेक तक्रारींत श्रवणसंस्था अतिसावध झालेली असते: शांततेत माणूस आवाजाचा कानोसा घेऊ लागतो, मेंदू आपली ग्रहणक्षमता वाढवितो, आवाज मोठा वाटतो, चिंता वाढते आणि कानोसा आणखी तीव्र होतो. हे चक्र तोडण्यासाठी बोधनात्मक वर्तनोपचारांचा उपयोग होतो, असे ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ जेफ लेव्हन्थॉल यांचे प्रतिपादन आहे. या उपचारामुळे आवाज खोटा ठरत नाही. त्याचा जाच कमी होतो.

खर्जातील कर्णनाद हे आणखी एक कारण होय. निरोगी कान स्वतःही सूक्ष्म ध्वनी निर्माण करतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखविले. परंतु हे कर्णजन्य ध्वनी सामान्यतः बरेच वरच्या पट्टीचे असल्याने हमचे सर्वसाधारण स्पष्टीकरण म्हणून ते पुरे पडत नाहीत. डेमिंग यांनी पाणबुड्यांशी संपर्क ठेवणाऱ्या अतिनीच वारंवारतेच्या रेडिओलहरींची शक्यता मांडली. अशा लहरी माणसाला ऐकू येतात हे सिद्ध झालेले नाही. गुप्त शस्त्रे व भूमिगत तळ यांविषयीच्या कथांना कोणताही आधार नाही.

काही उदाहरणांत आवाजाचा कर्ता सजीव निघाला. सॅन फ्रान्सिस्कोजवळील सॉसालिटो येथील तरत्या घरांत राहणाऱ्या लोकांना १९८० च्या दशकात उन्हाळ्याच्या रात्री त्रास देणारी गुणगुण मिडशिपमन जातीच्या नर माशांची होती. मादीला आकर्षित करण्यासाठी हे मासे वाताशयाचे स्नायू थरथरवून सुमारे १०० हर्ट्झचा सलग स्वर काढतात. तो होड्यांच्या पोकळ तळांतून घरभर घुमत असे.

गल्लत होणाऱ्या घटना

२०१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फाब्रिस आर्दुआँ व सहकाऱ्यांनी सागरी लाटांमुळे पृथ्वीत उठणाऱ्या सूक्ष्म कंपनांविषयी संशोधन प्रसिद्ध केले, तेव्हा ‘हमचे कोडे सुटले’ अशा बातम्या आल्या. ही कंपने १३ ते ३०० सेकंदांतून एकदा होणारी असून श्रवणमर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. त्यांचा हमशी संबंध नाही.

महाराष्ट्रात लातूर परिसरात, विशेषतः १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांच्या बातम्या अधूनमधून येतात. हे आवाज क्षणिक, स्फोटासारखे व गावातील बहुतेक सर्वांना ऐकू येणारे असतात. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात एकोणिसाव्या शतकात नोंदविलेले ‘बारिसालच्या तोफा’ या नावाचे धडाकेही याच वर्गातील आहेत. हम हा याउलट सलग, मंद व थोड्यांनाच ऐकू येणारा आवाज असल्याने या बातम्यांची गणना त्यात करता येत नाही.

साहित्यात

कॅनडाचे लेखक जॉर्डन टॅनाहिल यांची ‘द लिसनर्स’ ही कादंबरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. इतर कोणाला ऐकू न येणारी घरघर ऐकू लागलेल्या एका शिक्षिकेच्या कुटुंबातील व शाळेतील वाढत्या एकाकीपणाचे चित्रण तीत आहे. तिच्यावर आधारित मालिका २०२४ मध्ये बीबीसीने प्रसारित केली.